बॅटरी ऑक्सफर्डची, कारखाना कोणाचा?

गणपतीच्या शेवटच्या दिवशीची गोष्ट. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, आणि मी हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात पातेली घासत उभी होते. (कार्यकारिणीवर असण्याचा हा मान आपल्या मंडळात न मागता मिळतो.) एक मुलगा बाह्या वर सरसावून शेजारी आला, पुसायचे फडके हातात घेतले आणि म्हणाला, "ताई, तुम्ही बॅटरीच्या क्षेत्रात आहात ना? पाच मिनिटे विचारायचे होते."

मुलगा नाशिककडचा. वडील शाळेत शिक्षक. कर्ज काढून इथे 'रिन्यूएबल एनर्जी'त एम.एस्सी. केलेले. ग्रॅज्युएट व्हिसाची दोन वर्षे मिळाली होती, त्यातले अकरा महिने संपले होते. एकशे चाळीस अर्ज, चार मुलाखती, आणि रात्रीची पाळी एका गोदामात. "सगळे म्हणतात की स्वच्छ ऊर्जा हे उद्याचे क्षेत्र आहे. मग नोकऱ्या आहेत कुठे?" असा त्याचा सरळ प्रश्न.

पाच मिनिटांची चाळीस झाली. चहाची किटली धुवायला आलेले आपले एक ज्येष्ठ काका दारात उभे राहून सगळे ऐकत होते. ते म्हणाले, "अगं, हे त्या एकट्याला काय सांगतेस? अंकात लिही. माझ्या नातवालाही वाचू दे." म्हणून हा लेख. शेवटची तारीख उलटून गेल्यावर दिला, त्याबद्दल संपादकांची क्षमा मागते.

आधी माझे सांगते, म्हणजे मी कोणत्या खुर्चीत बसून बोलते आहे ते कळेल. मी रसायनशास्त्राची. पीएच.डी. पुण्याला झाली, लग्नानंतर इकडे आले, आणि बॅटरीच्या धन ध्रुवाला लागणारी काळी पूड तयार करण्याच्या कामात पडले. (स्वयंपाकघरात हे सांगितले की लोक विचारतात, "म्हणजे मिक्सरचेच काम ना?" अगदीच चूक नाही.) काही वर्षांपूर्वी ज्या छोट्या कंपनीत मी होते, तिचे नाव लिहीत नाही, तिथे एका सोमवारी सकाळी आम्हा सगळ्यांना एका खोलीत बोलावले आणि दुपारपर्यंत रिडंडन्सीची पत्रे हातात आली. आमच्या पुडीत दोष नव्हता. तीच पूड चीनहून आमच्या कच्च्या मालाच्या खर्चाइतक्या किमतीत येत होती. मॉर्गेज चालू, मुलगी नर्सरीत, आणि व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर होता म्हणून आम्ही देशात राहू शकलो. ते सात महिने मी विसरलेले नाही. त्यामुळे या विषयावर मी अगदी तटस्थपणे लिहीन असे वचन देत नाही.

आता मूळ गोष्ट. ऑक्सफर्डला साउथ पार्क्स रोडवर विद्यापीठाची इनऑरगॅनिक केमिस्ट्रीची प्रयोगशाळा आहे. तिच्या भिंतीवर २०१० सालापासून एक निळी पाटी आहे. कधी मुलांना घेऊन ऑक्सफर्डला गेलात तर कॉलेजांबरोबर तीही दाखवा. याच इमारतीत १९८० साली जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड हा पदार्थ बॅटरीच्या धन ध्रुवाला चालतो हे दाखवून दिले. आपल्या हातातल्या मोबाइलची सुरुवात तिथून झाली. विद्यापीठाने त्याचे पेटंट घेण्यात रस दाखवला नाही. ते हारवेलच्या अणुसंशोधन केंद्राने घेतले. पुढे जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी ऐंशीच्या दशकात कार्बनचा ऋण ध्रुव जोडून सुरक्षित बॅटरी बनवली, आणि १९९१ साली सोनीने ती बाजारात आणली. २०१९ चे नोबेल गुडइनफ, योशिनो आणि विटिंगहॅम या तिघांना मिळाले. त्या वेळी गुडइनफ ९७ वर्षांचे होते.

म्हणजे शोध इंग्लंडचा, कारखाना जपानचा. मग कोरियाने तो धंदा शिकून घेतला, मग चीनने. आज जगातल्या लिथियम बॅटरीचे तीन चतुर्थांशाहून अधिक सेल चीनमध्ये बनतात. चीनने ज्या स्वस्त प्रकारावर मोठी मजल मारली, तो लोह आणि फॉस्फेटचा प्रकारही गुडइनफ यांच्याच अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतला. १९९७ च्या त्या शोधनिबंधावर त्यांच्या आधी पाधी आणि नंजुंदस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत. शोध लावणाऱ्यांत आपण होतो, कारखाना काढणाऱ्यांत नव्हतो.

"पण ताई, चीनमध्ये मजुरी स्वस्त म्हणूनच ना?" असे त्या मुलाने विचारले. इथेच सगळ्यांची गफलत होते. मजुरी हे एक कारण आहे, पण बॅटरीच्या कारखान्यात माणसे त्या मानाने थोडी आणि यंत्रे फार. खरे अडते ते दोन ठिकाणी.

पहिले विजेपाशी. बॅटरीत जो द्रव असतो त्यातल्या लिथियमच्या क्षाराला पाण्याचे वावडे. हवेतल्या दमटपणाचा स्पर्श झाला तरी त्यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते आणि ते बॅटरीला आतून खाते. म्हणून सेल ज्या दालनात भरतात तिथली हवा इतकी कोरडी ठेवावी लागते की तिच्यातले उरलेसुरले बाष्प उणे चाळीस अंशांच्या आसपास थंड केल्याशिवाय धरत नाही. आत किती माणसे जाऊ शकतात यावरही मर्यादा असते, कारण माणसाच्या श्वासात पाणी असते. आपल्याकडे पापड वाळवताना पावसाळी हवेला घाबरतात तसे, पण हजारपट. ही कोरडी हवा रात्रंदिवस टिकवायला प्रचंड वीज लागते. त्यानंतर प्रत्येक सेल सावकाश चार्ज करायचा, उतरवायचा आणि कित्येक दिवस नुसता ठेवून तपासायचा. तिथेही वीज. आणि ब्रिटनमध्ये कारखान्यांना मिळणारी वीज प्रगत देशांतल्या सर्वांत महाग विजेपैकी आहे. स्वच्छ ऊर्जेचा कारखाना महाग विजेपायी अडावा, यातली गंमत मला अजून हसू आणत नाही.

दुसरे अडते ते हातगुणापाशी. काळ्या पुडीची खळ करून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर तिचा लेप द्यायचा. पत्रा किलोमीटरभर लांबीचा, आणि लेपाची जाडी केसाच्या जाडीच्या हिशोबात सगळीकडे सारखी. नवा कारखाना सुरू होतो तेव्हा पहिले कित्येक महिने त्यातला मोठा हिस्सा भंगारात जातो. खळ कधी घट्ट होते, ओव्हनचे तापमान कुठे दोन अंशांनी खाली आणायचे, लेपाच्या कडेला भेग दिसली तर कोणता रोलर बघायचा, हे पुस्तकात नसते. ते दहा वर्षे पाळीवर उभ्या असलेल्या माणसाला माहीत असते. आणि अशी माणसे जिथे आहेत तिथेच पुढचा कारखाना उभा राहतो. चीनच्या निंगडे गावात २०११ साली सुरू झालेली सीएटीएल जगात सर्वांत मोठी झाली, ती अशी माणसे वर्षानुवर्षे सलग कामावर राहिली म्हणूनही. सरकारची मदत आणि देशातले मोठे गिऱ्हाईक तर होतेच.

आता ब्रिटनचे बघा. नॉर्थंबरलंडमध्ये ब्लाइथजवळ जुन्या कोळशाच्या वीज केंद्राच्या जागेवर ब्रिटिशव्होल्ट नावाची कंपनी ३८० कोटी पौंडांचा बॅटरी कारखाना काढणार होती. ३,००० नोकऱ्यांचे आश्वासन होते. जानेवारी २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि कामावर असलेल्या सुमारे ३०० जणांपैकी बहुतेकांची नोकरी त्याच दिवशी संपली. ठरलेले गिऱ्हाईक नव्हते, सिद्ध झालेला सेल नव्हता, आणि व्याजदर वाढत होते. ती जागा पुढच्या वर्षी ब्लॅकस्टोन या अमेरिकन कंपनीने डेटा सेंटरसाठी घेतली. केवळ ब्रिटनचे असे झाले असेही नाही. स्वीडनची नॉर्थव्होल्ट तर युरोपची आशा मानली जात होती. मार्च २०२५ मध्ये तिनेही दिवाळखोरी जाहीर केली.

मग चालते कुठे? संडरलंडला निसानच्या शेजारी बॅटरी बनतात, त्या कंपनीची मालकी २०१९ पासून चीनच्या एन्व्हिजन समूहाकडे आहे. आणि सॉमरसेटमध्ये ब्रिजवॉटरजवळ प्युरिटनला दुसऱ्या महायुद्धातल्या स्फोटकांच्या कारखान्याच्या जागेवर टाटांची अग्रतास कंपनी बॅटरीचा कारखाना उभारते आहे. जुलै २०२३ मध्ये त्याची घोषणा झाली: ४०० कोटी पौंड, वर्षाला ४० गिगावॉट-तास आणि ४,००० नोकऱ्या. त्याआधी हा कारखाना स्पेनला जाणार की इथे येणार अशी चढाओढ चालली होती आणि ब्रिटिश सरकारने मदतीचे आश्वासन दिल्यावर तो इकडे आला. त्याचा भाऊ गुजरातेत साणंदला उभा राहतो आहे. (चाकणला का नाही, असे आपल्या पिंपरी-चिंचवडच्या मंडळींनी मला विचारू नये. मलाही तेच विचारायचे आहे.)

या चढाओढीमागे एक करार आहे. ब्रिटन आणि युरोपच्या व्यापार करारात अशी अट आहे की गाडीचा आणि बॅटरीचा ठरावीक भाग या दोन प्रदेशांत बनलेला नसेल तर गाडीवर दहा टक्के जकात बसेल. कडक अट २०२४ पासून लागू व्हायची होती, ती २०२६ च्या अखेरीपर्यंत पुढे ढकलली गेली. म्हणजे बॅटरीचा कारखाना इथे नसला तर गाडीचा कारखानाही इथे राहणे कठीण. आपल्या कॉव्हेंट्रीच्या आसपास जग्वार लँड रोव्हरमध्ये असलेल्या घरांना हे मी समजावून सांगायला नको. टाटांनी ती कंपनी २००८ साली घेतली तेव्हा पिंपरीहून आलेली काही मंडळी आज मंडळाची जुनी जाणती झाली आहेत.

इथवर आपल्याला बरे वाटते. टाटा आले, नोकऱ्या आणल्या. पण याच गोष्टीची दुसरी बाजू वेल्समध्ये आहे. स्वान्सीजवळ राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला तिच्या शेजारणीने कुंपणावरून ऐकवले, "तुमच्या लोकांनी आमची भट्टी बंद केली." शेजारीण वाईट बाई नाही. दोघींची मुले एका शाळेत. तिचा नवरा पोर्ट टॅलबटच्या पोलाद कारखान्यात. टाटांनी २००७ साली कोरस घेतली तेव्हा तो कारखाना त्यांच्याकडे आला. तिथली शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झाली. तिच्या जागी कोळसा न लागणारी विजेची भट्टी येणार, खर्च १२५ कोटी पौंड, त्यातले ५० कोटी सरकारचे. कर्बवायू खूप कमी होईल हे खरे. पण सुमारे २,८०० नोकऱ्यांवर गदा येणार असे कंपनीनेच सांगितले होते, हेही खरे. आणि त्याच सप्टेंबर महिन्यात टाटांनी ओडिशात कलिंगनगरला भारतातली सर्वांत मोठी झोतभट्टी पेटवली.

मैत्रिणीने फोन करून मला विचारले, "मी काय उत्तर द्यायला हवे होते?" मी रसायनशास्त्राचे उत्तर दिले: पोर्ट टॅलबटच्या भट्ट्या जुन्या झाल्या होत्या, रोज तोटा होत होता, भंगार वितळवायला विजेची भट्टी योग्यच. ती म्हणाली, "ते तिच्या नवऱ्याला कोण सांगणार?" माझ्याकडे उत्तर नव्हते. माझ्या हातात ते पत्र पडले तेव्हा मला कोणी जागतिक बाजारभाव समजावला असता तर मीही ऐकून घेतले नसते. मला वाटते, अशा वेळी टाटांची वकिली करायला आपण बांधील नाही. आपले आडनाव त्यांच्या भागधारकांच्या यादीत नाही. शेजारणीकडे जाऊन चहा प्यावा आणि तिचे ऐकावे. मैत्रिणीने तसे केले, आणि शंकरपाळेही नेले.

ही चढाओढ एकाच दिशेने चालत नाही हेही सांगते. पुण्याच्या सुझलॉनने २००७ साली रीपॉवर ही जर्मन पवनचक्की कंपनी मिळवली. कंब्रियात बॅरो-इन-फर्नेससमोरच्या समुद्रात ऑर्मंडच्या ज्या ३० पवनचक्क्या फिरतात त्या रीपॉवरच्या. २०१२ मध्ये त्या सुरू झाल्या तेव्हा त्यांच्या कंपनीची मालकी हडपसरमध्ये होती, हे तिथल्या किती लोकांना माहीत असेल? पण सुझलॉनवर कर्जाचा डोंगर झाला आणि २०१५ मध्ये ती कंपनी विकावी लागली. पुढे सेनव्हियॉन या नावाने ती २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली. जर्मन कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. सुझलॉन स्वतः मात्र सावरली.

आणखी एक. लिथियमऐवजी मिठातल्या सोडियमवर चालणारी बॅटरी बनवणारी शेफील्डची फॅराडियन ही कंपनी रिलायन्सने २०२१ च्या अखेरीस १० कोटी पौंडांचे मोल धरून विकत घेण्याचे जाहीर केले. इकडे पुण्यात केपीआयटी आणि आयसर यांनी डिसेंबर २०२३ मध्ये स्वतःची सोडियम बॅटरी दाखवली. मी शिकत होते तेव्हा पुण्यात बॅटरीवर काम करणाऱ्याला "मग परदेशी कधी?" असे विचारायचे. आता तिथली मुले मला विचारतात, "तुम्ही परत कधी येता?" त्या प्रश्नाला माझ्या घरात दोन उत्तरे आहेत, आणि दुसरे नवऱ्याचे आहे.

नाशिकच्या मुलाकडे परत येते. त्याच्या वर्गात ६० जण होते, त्यांतले बहुतेक भारतातले, आणि सगळ्यांच्या प्रबंधाचा विषय जवळपास तोच: सौर ऊर्जेचा आर्थिक अभ्यास. पण सौर पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक. ब्रिटनमध्ये पॅनेल बसवण्याचे काम आहे, त्याला इलेक्ट्रिशियन लागतो, आर्थिक अहवाल लिहिणारे थोडेच पुरतात. विद्यापीठाने फी घेताना हे सांगितले नव्हते. ते सांगतील अशी अपेक्षाही मी सोडली आहे.

त्यात व्हिसा. स्किल्ड वर्कर व्हिसाची पगाराची सर्वसाधारण अट एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर गेली आणि २२ जुलै २०२५ पासून ४१,७००. नवख्यांना थोडी सवलत आहे, तरी त्या तारखेपासून ३३,४०० लागतातच, किंवा त्या कामाचा ठरवून दिलेला दर, जो जास्त असेल तो. ग्रॅज्युएट व्हिसाची मुदतही १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि एम.एस्सी.वाल्यांना दोन वर्षांऐवजी दीड वर्ष मिळणार असे ठरले आहे. गावाकडून कोणी "मुलाला पाठवू का?" असे विचारले तर हे आकडे आधी सांगा, मग विद्यापीठाची रँकिंग. नियम वारंवार बदलतात, तेव्हा सरकारी पान स्वतः वाचा. एजंटाच्या पत्रकावर विसंबू नका.

त्याला मी तीन गोष्टी सांगितल्या. अर्ज करण्याआधी ती कंपनी परवानाधारक स्पॉन्सर आहे का हे सरकारच्या यादीत बघ, ती यादी सर्वांना खुली आहे. एकशे चाळीसपैकी निम्म्या कंपन्या त्या यादीत नव्हत्या, हे त्यानेच दुसऱ्या दिवशी मोजून कळवले. दुसरे, 'सस्टेनेबिलिटी' हा शब्द असलेल्या नोकऱ्या सोड आणि प्रोसेस, क्वालिटी, मेंटेनन्स हे शब्द शोध. नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत तू दीड वर्ष क्वालिटी कंट्रोलमध्ये होतास, ते सीव्हीच्या शेवटच्या ओळीत का लिहिलेस? तो म्हणाला, "ते काय ताई, साधे काम होते." तेच साधे काम इथे हवे आहे. तिसरे, मुलाखतीला जाण्याआधी त्या कारखान्याचा माल कोण घेते हे विचार. गिऱ्हाईक ठरलेले नसेल तर पगाराचा आकडा कितीही मोठा असो, घर भाड्याने घे, विकत घेऊ नकोस. हे मी अनुभवाने सांगते.

काका दारातून म्हणाले, "मी आलो तेव्हा इथे मशीन टूल्सचे कारखाने होते. आमच्या हातचे लेथ जगात जात. ते गेले तेव्हा आम्हाला म्हणाले, कॉम्प्युटर शिका." मग थोडे थांबून, "माझ्या नातवाला युनिव्हर्सिटीत जायचे नाही, ॲप्रेंटिसशिप करायची आहे. सून रडते आहे." मी म्हटले, काका, सुनेला माझ्याकडे पाठवा. आमच्याकडे लेपाच्या यंत्रावर बावीस वर्षांची एक मुलगी आहे, ॲप्रेंटिस म्हणून आली. यंत्राचा आवाज बदलला की माझ्यासारख्या पीएच.डी.वाल्यांच्या आधी तिला कळते. पुढच्या वेळी कपात झालीच, तर यादीत आधी माझे नाव असेल, तिचे नंतर.

मुलाचे नवे सीव्ही तयार आहे, क्वालिटीचे काम आता पहिल्या पानावर आले आहे. मिडलँड्समधल्या एका कारखान्याने दुसऱ्या फेरीला बोलावले आहे, निकाल अजून कळलेला नाही.

कोजागिरीला हॉलवर मी मसाला दुधाच्या टेबलामागे असेन. ज्यांना सीव्ही दाखवायचे असेल त्यांनी छापील प्रत आणावी, दोन पानांपेक्षा जास्त नको. मंडळींपैकी जे कारखान्यात प्रोसेस, क्वालिटी किंवा मेंटेनन्समध्ये आहेत त्यांनी अर्धा तास लवकर यावे, एक टेबल आपण त्यासाठी वेगळे मांडू. आणि पातेली घासायला या वेळी दोघे तरी हवेत.